दुसऱ्या दिवशीची चव

लेबलाच्या डाव्या काठाला पेन्सिलीची एक बारीक रेघ होती, जेमतेम नखाएवढी, आणि बाटलीतली वाईन नेमकी त्या रेघेला टेकलेली होती. प्रसेनजितनं बाटली खिडकीशी नेली, डोळ्यांसमोर धरली, परत टेबलावर ठेवली. आपणच ओढली असेल का? आठवेना. आणि पेन्सिल तर या खोलीत नव्हतीच. तो सगळं लॅपटॉपवर लिहायचा. त्यानं ग्लासात दोन बोटं वाईन ओतली, नाकाशी नेली, घोट घेऊन तोंडात घोळवला. काल हीच वाईन भरदार होती, जांभळाच्या सालीसारखी तुरट, आणि मागून मिऱ्याचा झटका. आज तिच्यातून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटत होतं. पातळ, अगदी पाणचट म्हणावी इतकी. सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीबाहेर त्याचे वडील, किसनराव, शेवग्याच्या आळ्यात पाणी सोडत पाठमोरे उभे होते. ती पाठ त्याला नेहमीपेक्षा जरा जास्तच निवांत वाटली. ज्या माणसाला काही लपवायचं नसतं तो इतका निवांत उभा राहत नाही, असं त्याच्या मनात आलं आणि मग ते मनातून जाईना.

बुलढाण्यात बसून फ्रान्सची वाईन निवडणारा माणूस म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग जवळ सरकून विचारतात, एखादी बाटली आहे का. प्रसेनजितला याची सवय झाली होती. तो मुंबईच्या एका आयातदाराकडे कामाला होता. पुण्यात फ्रेंच शिकला, आधी पत्रव्यवहार सांभाळला, मग साहेबांच्या लक्षात आलं की पोराचं नाक तिखट आहे. लॉकडाऊनमध्ये तो घरी आला तो परत गेलाच नाही. महिन्यातून एकदा मुंबईला जायचं आणि परवान्याचा कागद खिशात ठेवून सहा नमुने ट्रॅव्हल्सच्या गाडीनं घेऊन यायचे, आईच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून. त्याचं काम एकच, कमी दामात चांगली वाईन शोधणं. आणि ती मोठ्या वाईन कंपन्यांकडे मिळत नाही. ती मिळते स्वतःच्या मळ्यातली द्राक्षं स्वतः तोडून स्वतःच्या तळघरात वाईन करणाऱ्या माणसांकडे, ज्यांना नाव नाही म्हणून भाव नाही. नावाजलेल्या गावाची शीव ओलांडायची आणि पलीकडच्या गावात विचारायचं, ही त्याची रीत. माती तीच, ऊन तेच, किंमत निम्म्याच्या खाली. आईला त्यानं हे उंद्रीच्या, म्हणजे त्यांच्या मूळ गावच्या तुरीवरून समजावलं होतं. घरची तूर आणि पाकिटातली तूर यांतला फरक तिला लगेच कळला, पण म्हणून वाईन तिला पटली नाही ती नाहीच.

या वेळच्या सहा बाटल्यांत दोन कामाच्या होत्या. पांढरी, समुद्राजवळच्या दोन भावांची, खारट वारा लागल्यासारखी, स्वच्छ. तिचा निकाल लागला होता, घ्यायची. आणि ही तांबडी, दक्षिणेकडच्या दगडी उतारावरची, मादाम ओदिल नावाच्या विधवा बाईची. तिची दहा एकर जमीन आणि पन्नास वर्षांच्या वेली. बाई पत्रं अगदी तुटक लिहायची, पण प्रत्येक पत्रात हवा कशी आहे ते सांगायची. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवा, तिनं लिहिलं होतं, नाहीतर यंदाचा सगळा माल मी टाकीवाल्यांना देऊन टाकते. टाकीत गेली की तिची वाईन चारशे जणांच्या वाईनमध्ये मिसळणार आणि तिचं नाव संपणार. प्रसेनजितची परीक्षा तीन दिवसांची असे. पहिल्या दिवशी कोणतीही वाईन दिमाख दाखवते, खरी कळते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, बाटलीत हवा शिरल्यावर. काल मंगळवारी ओदिलबाईंची वाईन त्याला इतकी आवडली की त्यानं चारदा ओतली. चाखायची आणि थुंकायची, हा धंद्याचा नियम. शेवटचा घोट तेवढा घशाखाली उतरवावा लागतो, कारण चव किती वेळ टिकते ते त्याशिवाय कळत नाही. काल तो शेवटचा घोट बहुधा दोनदा झाला. आणि संध्याकाळी टिपण लिहिताना अर्धा ग्लास जवळ होता, तो काही चाखण्यात धरायचा नसतो.

आज दुसऱ्या दिवशी तीच वाईन पाण्यासारखी लागत होती. त्याला याची दोनच कारणं दिसली. एक तर बाईची वाईन कमअस्सल होती आणि काल आपण फसलो. नाहीतर कोणीतरी बाटलीतली वाईन प्यायलं होतं आणि तेवढंच पाणी भरून ठेवलं होतं. रेघ मारायची, प्यायचं, रेघेपर्यंत पाणी भरायचं. पातळी जागच्या जागी राहते, कोणाला पत्ता लागत नाही. ही युक्ती प्रसेनजितला माहीत होती. ती कोणाची हेही माहीत होतं.

तो नववीत होता तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या हायस्कूलमध्ये किसनराव प्रयोगशाळेत परिचर होते. काचेची भांडी धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, मास्तर मागतील ते हातात देणं. वर्गातल्या पोरांना ठाऊक होतं की हा याचा बाप, आणि प्रसेनजितला त्याचा अभिमान होता, कारण मोजपात्रात द्रव ओतून डोळा त्याच्या पातळीला आणून वाचावा तर किसनरावांनीच. मास्तरांचासुद्धा एखादा थेंब चुकायचा, यांचा नाही. त्या दिवशी पानाचा प्रयोग होता. जास्वंदीचं पान स्पिरिटमध्ये ठेवून वाफेवर उकळायचं, त्याचा हिरवा रंग उतरतो, पान फिकट होतं. पोरं वाकून बघत होती. पान उकळत राहिलं आणि हिरवंच राहिलं. मास्तरांनी दुसरं पान टाकलं, तेही हिरवंच. मग त्यांनी स्पिरिटच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला, बाटलीवरची रेघ पाहिली, पातळी पाहिली, दोन्ही बरोबर जुळत होत्या, आणि मास्तरांनी मान वळवून किसनरावांकडे पाहिलं. किसनराव फडक्यानं एक कोरडी परीक्षानळी पुसत राहिले. चाळीस पोरांपैकी कितीजणांना समजलं कोण जाणे, प्रसेनजितला मात्र त्या क्षणी सगळं समजलं: आई रात्री काऊन रडते, बाबा शेताचं नाव सांगून रविवारी उंद्रीला काऊन जातात, त्यांच्या सदऱ्याला शाळेचा म्हणून जो वास येतो तो कशाचा. त्याच वर्षी किसनराव नागपूरला गेले, दीक्षाभूमीवर उभं राहून पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, नव्यानं घेतलं आणि परत आले ते सुटूनच. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती. सगळी नातलग मंडळी त्यांचं उदाहरण द्यायची. आणि त्याच घरात पोरानं बाटल्यांचा ढीग आणून मांडला होता, असं बेबीताई, त्याची आई, तोंडानं म्हणायची नाही, पण भांडी जरा जोरानं ठेवायची.

सुवर्णा, त्याची बायको, सकाळी सात वाजताच धामणगाव बढ्याच्या शाळेत कामाला जाई. तिच्या टेबलावर नेलपॉलिश होतं. प्रसेनजितनं तिच्या गुलाबी कुंचल्यानं बाटलीच्या मागच्या बाजूला, पातळीवर नेमका, एक ठिपका दिला. बापाची रेघ पुढं, आपला ठिपका मागं. आपण काय करतोय याची त्याला लाज वाटली, पण हात थांबला नाही.

त्याच्या चाखण्यापायी घरात साडेअकरापर्यंत फोडणी बंद असे. लसूण तडतडला की नाक कामातून जातं. बेबीताई कणीक भिजवून, वांगी चिरून, हात जोडल्यासारखी चुलीपुढे बसून राही. तो स्वयंपाकघरात आला तेव्हा ती म्हणाली, "झालं का बाप्पा तुहं? टाकू का आता फोडणी?"

"टाक," तो म्हणाला. आणि जणू सहज, "आई, माह्या खोलीत कोणी येते का? मी नसलो म्हणजे?"

"कोण येईन? मी झाडाले येतो."

"अन् बाबा?"

तिनं तेल तापत ठेवलं. "ते गंज न्याले येतात," ती म्हणाली. "बाकी मले काय माहीत. त्यायलेच विचार ना."

गंज म्हणजे तो ज्यात थुंकायचा ते पातेलं. बेबीताईनं आयुष्यात घरात कोणाचं वेगळं भांडं होऊ दिलं नव्हतं. धुणं-भांडी करणाऱ्या बाईला चहा द्यायचा तो आपल्याच कपात, कारण वेगळा कप म्हणजे काय असतं हे तिनं लहानपणी दुसऱ्यांच्या ओसरीवर भोगलं होतं. फक्त या एका गंजाला तिनं कोपऱ्यात वेगळी जागा दिली होती. प्रसेनजितला ते लागलं होतं. पण आता त्याला निराळीच गोष्ट टोचत होती. पूर्वी गंज तो स्वतः मोरीत रिकामा करायचा. हे काम किसनरावांनी आपल्याकडे कधी घेतलं? दिवाळीनंतर केव्हातरी. "राहू दे, तू काम कर, मी ओततो शेवग्याले," असं म्हणाले होते, आणि त्याला बरं वाटलं होतं. बापाला पोराच्या कामाची किळस नाही, असा त्याचा अर्थ त्यानं लावला होता. आता तोच अर्थ उलटा होऊन समोर उभा राहिला. गंज घेऊन ते थेट शेवग्याकडे जात नसत. आधी मागच्या न्हाणीघरात जात, दार लावून घेत. बराच वेळ.

शेवटी प्रसेनजित त्या कल्पनेपर्यंत पोचलाच. बाप आपलं थुंकलेलं पितो. त्यानं ती कल्पना झटकली, पण ती झटकली जाईना. सत्तावीस वर्षं दाबून ठेवलेली तहान असेल तर माणूस काय करणार नाही? संध्याकाळी त्यानं किसनरावांकडे जेवताना बारकाईनं पाहिलं. डोळे लाल होते का? जरा होते, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ते तसेच असत. हात थरथरतो का? भाकर मोडताना थरथरला. सत्तरीच्या माणसाचा थरथरणारच. बोलताना शब्द ओढतात का? ते बोललेच नाहीत. न बोलणं हाही पुरावाच झाला.

"तुम्ही बाबाकडे असे काऊन पाहून राह्यले?" सुवर्णानं नंतर आत आल्यावर विचारलं. त्यानं सांगून टाकलं. रेघ, पाणचट चव, न्हाणीघर. ती हसेल किंवा चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्याच्या टेबलावरचा रिकामा ग्लास उचलून वास घेतला आणि म्हणाली, "हा आत्ताचा आहे?"

"टिपण लिहून राह्यलो होतो."

"पांढरीचं टिपण तर परवाच झालं ना?" असं म्हणून ती ग्लास घेऊन धुवायला गेली. हिलाही सगळं ठाऊक आहे, त्याला वाटलं, हे सगळे मिळून बाबांना पाठीशी घालतात. आपण एकटेच बाहेर.

गुरुवारी अकरा वाजता त्यानं बाटली उचलली ती मागून. पातळी ठिपक्याच्या बरीच खाली होती, पण ते बरोबरच होतं, कालही त्यानं दुपारी चाखली होती, एकदा आणि बहुतेक आणखी एकदा. पुढं लेबलावर दुसरी रेघ आली होती, पहिलीच्या तीन बोटं खाली, तशीच नखाएवढी, आणि वाईन तिला बिलगून उभी होती. त्यानं ओतली, चाखली. काहीच नाही. जांभूळ नाही, मिरं नाही. त्यानं पुन्हा ओतली, मोठा घोट घेतला, म्हणजे निदान मोठ्या घोटात तरी काही हाती लागेल. मग आणखी एक. ओदिलबाईंची पन्नास वर्षांच्या वेलींची वाईन कुठं गेली होती? त्याला बाईचं भयंकर वाईट वाटलं. तिला नाही म्हणून कळवायचं, आणि दोष तिचा नाही हे तिला कधी कळायचंही नाही. इथं एक म्हातारा चोरून तिचा जन्म पाण्यात घालतो. त्याचे डोळे भरून आले. सकाळी साडेअकराला इतक्या लवकर डोळे भरून यावेत याचंही त्याला जरा नवल वाटलं.

दार वाजलं. किसनराव आत आले, नेहमीसारखे, टोपी न घालता, बंडीवर. "झालं का?" त्यांनी विचारलं. त्यानं मान हलवली. त्यांनी गंज उचलला, तो जरा तिरका करून आत पाहिलं आणि घेऊन गेले. जाताना कोपऱ्यातली एक रिकामी बाटलीही काखेत मारली. रिकामी बाटली! प्रसेनजित अनवाणीच मागं गेला. न्हाणीघराचं दार लागलं. त्यानं पत्र्याला कान लावला. आधी नळ सुटल्याचा आवाज, मग बाटलीत पाणी भरत जाण्याचा, तो गळ्यापाशी चढत जाणारा सूर; पोरालाही ओळखू यावा. मग शांतता. मग बारीक धार कशाततरी पडल्याचा आवाज. पुन्हा शांतता, आणि एक सुस्कारा. घोट घेतल्यावर सोडतात तसा. आपल्याला आता सगळं समजलं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं पत्र्याचं दार मुठीनं बडवलं.

"बाबा! उघडा. मले माहीत हाये तुम्ही काय करून राह्यले."

कडी लगेच निघाली. किसनराव उकिडवे बसले होते. पुढच्या फरशीवर काचेचं लांब मोजपात्र उभं होतं, शंभर मिलिलिटरचं, शाळेतून निवृत्त होताना मास्तरांनी दिलेलं. त्यात फिकट तांबडा, फेसाळ द्रव होता. शेजारी काखेतून आणलेली ती बाटली, आता पाण्यानं भरलेली, तिच्या लेबलावरही रेघा. त्यांनी मान वर केली नाही; एक डोळा मिटून, दुसरा द्रवाच्या पातळीला आणून ते वाचत होते.

"तुम्ही पीत होते," प्रसेनजित म्हणाला. पण आवाज निघाला तो प्रश्नासारखा.

"नाही बे," किसनराव म्हणाले. "मोजून राह्यलो." त्यांनी पात्र फरशीवर नीट सरकवलं. "तुह्या बाटलीतली किती गेली ते रेघेवरून दिसते. तेवढं पाणी दुसऱ्या बाटलीत भरायचं अन् मोजायचं. अन् गंजात किती आली ते याच्यात. दोन्ही सारखे यायले पाह्यजेत. तू थुंकतो ना?"

"थुंकतोच."

"दिवाळीच्या टायमाले दहा-वीसचा फरक ये. म्हटलं ठीक आहे, तोंडात राहत असन, उडत असन. संक्रांतीले साठ झाला. परवा बाटलीतून गेली अडीचशे, गंजात आली एकशे दहा." ते थांबले. "स्पिरिट बी एवढं उडत नाही, बाबू. मी लय वर्सं पाह्यलं."

प्रसेनजितला राग आला, म्हणजे राग यायला पाहिजे असं वाटलं. बेबीताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हाताला कणीक. म्हणजे हिला ठाऊक होतं. सुवर्णाला ठाऊक होतं. "तुम्ही पाणी टाकता तिच्यात," तो म्हणाला. "म्हणून पाणचट लागते. पहिल्या दिवशी चांगली होती."

"मी बाटलीचं बूच बी नाही काढलं," किसनराव म्हणाले. ते हळू उठले, गुडघ्यावर हात टेकून. मग पोराकडे न पाहता, शेवग्याकडे पाहत म्हणाले, "मले बी शेवटी शेवटी सगळी पाणचटच लागे. मी गुत्तेवाल्याची गचांडी धरली होती एकदा. म्हटलं, तू पाणी मिसळतो. तो कसम खाये. तो खरं बोलत होता."

"माहं काम आहे ते!" प्रसेनजित ओरडला. "तुमच्यासारखं नाही माहं. मी चाखतो अन् थुंकतो. मले काही गरज नाही त्याची. दाखवतो तुमाले."

तो खोलीत गेला, बाटली आणि ग्लास घेऊन आला, अंगणातच उभा राहिला. किसनरावांनी गंज रिकामा करून धुतला आणि त्याच्यापुढे धरला, दोन्ही हातांनी, पूर्वी मास्तरांपुढे ट्रे धरत तसा. उन्हात वाईन लालभडक दिसत होती. प्रसेनजितनं घोट घेतला, मोठा, सगळ्यांना दिसावा म्हणून. गाल फुगवले, जिभेवरून फिरवली, नेहमीसारखी. आता खरंच शोधू, त्याला वाटलं, आत्ता चव सापडेल, आणि ओदिलबाईला हो म्हणून कळवता येईल. मागून काही मिरं येतंय का? त्यानं डोळे मिटले. येतंय, जरासं येतंय. मग तो गंजावर वाकला आणि तोंड उघडलं.

काही पडलं नाही. थोडी लाळ तेवढी ओघळली, पांढरी. त्यानं जिभेनं गाल चाचपले, आधी डावा, मग उजवा. तोंड रिकामं होतं. आपण केव्हा गिळलं, हे त्याला कळलंच नव्हतं. बेबीताईच्या बांगड्या वाजल्या, ती आत वळली. प्रसेनजित वाकलेलाच राहिला, कारण वर पाहायची हिंमत होईना. किसनरावांनी एक हात गंजावरून काढून त्याच्या पाठीवर ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "मले दिसलं."